बट्टा

माझं आजोळ आपट्याचं. पनवेलच्या पुढे रोहा लाईनवर आपटा नावाचं स्टेशन लागतं. ते स्टेशन तुम्ही पाहिलंय. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये शेवटी काजोल ज्या गाडीमागे धावते, ती गाडी इथूनच सुटते. (पंजाब वगैरे काही नाही, रायगड जिल्हा!) एका अंगाला पाताळगंगा, लांबवर कर्नाळ्याचा सुळका, आणि दसऱ्याला दरवर्षी तोच विनोद. आपट्याला जायचं आणि आपट्याचीच पानं वाटायची.

ही पानं सोनं कशी झाली ती गोष्ट आजीने लहानपणी किमान पन्नास वेळा सांगितली असेल. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघुराजाचा खजिना रिकामा होता, म्हणून त्याने कुबेरावर स्वारी करायचं ठरवलं. कुबेराने घाबरून आपट्याच्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला. कौत्साने मोजून १४ कोटी घेतल्या, एकही जास्त नाही. उरलेल्या लोकांनी लुटल्या. मला तेव्हा एकच प्रश्न पडायचा. एवढ्या उंचावरून पडलेल्या मोहरांना पोचे नसतील का आले?

हा प्रश्न आपल्याला इतका महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

झालं असं. आजीच्या देवघरात एक पितळी डबा आहे. त्यात तिच्या सासूकडून आलेली ११ नाणी. सहा शिवराया, चार राणीछाप रुपये आणि एक कंपनी सरकारचा रुपया. लक्ष्मीपूजनाला ती ताम्हनात निघतात, एरवी डब्यात. गेल्या पावसाळ्यात घराच्या मागच्या पडवीचं छप्पर बसलं आणि मामाने ही नाणी विकायचं मनावर घेतलं. कुणीतरी त्याला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता, जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळाले वगैरे. मुंबईला नाण्यांचं प्रदर्शन होतं, तिथे तो मला घेऊन गेला. एका व्यापाऱ्याने भिंग डोळ्याला लावलं, नाणी उलटी-सुलटी केली आणि दोन मिनिटांत परत दिली.

"घासलीयत ही. रुपयांचे चांदीच्या वजनाने देतो. शिवरायांचं असंच काहीतरी."

मामा त्याला म्हणाला, "अहो, शंभर-दीडशे वर्षं देवघरात आहेत. कुणी घासणार?"

मी गप्प. कारण कोणी घासली ते मला माहीत होतं. २००७ सालची दिवाळी, मी दहा वर्षांचा, चिंच आणि मीठ घेऊन देवाची भांडी घासायला बसलेलो. भांड्यांबरोबर ती ११ नाणीही घासली. कशी लखलखत होती! आजीने कौतुक म्हणून जास्तीची एक चकली दिली होती.

तर हा लेख म्हणजे त्या चकलीची परतफेड समजा. परत येताना लोकलमध्ये मामा गप्प होता आणि मी डोक्यात एकच हिशेब करत होतो. नाणं तेच, वजन जवळजवळ तेच, मग त्याची किंमत ठरवणारा तो 'दर्जा' नेमका कोण ठरवतं, आणि कधीपासून? नंतरचे तीन-चार विकांत त्यातच गेले.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. नाण्याची पारख हा मराठीत किती मुरलेला विषय आहे बघा. खणखणीत नाणं, खोटं नाणं, बंदा रुपया, वाजवून घेणे, पारखून घेणे. आणि त्यातला सगळ्यात गमतीचा शब्द, बट्टा. 'घराण्याच्या नावाला बट्टा लावलास' असं म्हणताना आपण सराफाच्या पेढीवरची भाषा बोलत असतो हे लक्षातही येत नाही. बट्टा म्हणजे नाण्याच्या दर्शनी किमतीतून सराफाने कापलेली वटावळ. तोच त्या काळचा दर्जा. फक्त तो आकड्यात किंवा विशेषणात न सांगता थेट पैशात सांगितला जायचा.

पेशवाईत एका गावच्या बाजारात किती तऱ्हेचे रुपये फिरत असतील कल्पना करा. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती, आंग्र्यांचा अलिबागी. टांकसाळी सरकारी कमी आणि परवान्यावर चालवायला दिलेल्या जास्त. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या चलनावर आणि टांकसाळींवर एक निबंध लिहिला आहे. त्यात परवानेवाल्यांमध्ये आपल्या इकडची रेवदंडा, नागोठणे ही नावं वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणजे आमच्या डब्यातली एखादी शिवराई नागोठण्याहून आली असणं अगदीच अशक्य नाही. असो. स्वप्नरंजन पुरे.

तर इतक्या नाण्यांमधून कुठलं किती शुद्ध, किती झिजलेलं हे कोण सांगणार? सराफ. तो रुपया दगडावर वाजवायचा, तौलायचा, कधी कडेला टोचा मारून आतली चांदी बघायचा. असा टोचा न बसलेला, न मोडलेला तो बंदा रुपया. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नाणी तपासणारा 'रूपदर्शक' नावाचा अधिकारी आहे, म्हणजे धंदा बराच जुना.

पण खरी गंमत बंगालमध्ये आहे. मुघल पद्धतीत रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष चालू आहे ते छापलेलं असे. नवा कोरा रुपया, म्हणजे सिक्का रुपया, पहिल्या वर्षी पूर्ण किमतीला चाले. दुसरं वर्ष लागलं की त्याला ३ टक्के बट्टा. तिसऱ्या वर्षापासून ५ टक्के, आणि मग त्याचं नावसुद्धा बदलून 'सनवात' व्हायचं. ध्यानात घ्या, नाणं घासलं गेलंय की नाही याच्याशी संबंध नाही! तुम्ही तो रुपया पहिल्या दिवसापासून मडक्यात पुरून ठेवला असेल, एक कणही झिजला नसेल, तरी वर्ष उलटलं की दर्जा खाली. झिजायचं ते कॅलेंडर.

यात फायदा कोणाचा? सराफाचा. तो बट्टा लावून जुनी नाणी घ्यायचा, टांकसाळीत नेऊन नवी पाडून आणायचा आणि पुन्हा पूर्ण किमतीला द्यायचा. शेतकऱ्याला सारा नव्या सिक्क्यात भरायचा असायचा, त्यामुळे त्याची मान दोन्हीकडून अडकलेली.

ईस्ट इंडिया कंपनीने यावर काढलेला उपाय वाचून मी टाळी वाजवली. त्यांनी सराफांशी वाद घातला नाही. त्यांनी नाण्यावरचं वर्षच गोठवलं! शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष, म्हणजे साधारण १७७७-७८. १७९३ च्या कायद्याने हे पक्कं झालं, आणि पुढे कोणत्याही साली पाडलेला बंगालचा सिक्का रुपया '१९ सन'चाच निघू लागला. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टॅम्प हार्डकोड केला. नाणं कितव्या वर्षाचं हेच कळत नसेल तर बट्टा लावणार कशावर?

१८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलुखात एकच रुपया आणला. १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, यंत्रावर पाडलेला. लोक त्याला कलदार म्हणायला लागले. अंकुशी, चांदवडी वगैरे मंडळी हळूहळू वितळून गेली. पण साल गोठवायची सवय राहिली. १८३५ सालचा रुपया पुढची काही वर्षं १८३५ म्हणूनच निघत होता, १८४० चा दोन दशकं १८४० म्हणून, आणि व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया थेट १८७४ पर्यंत '१८६२' असाच निघत राहिला. सराफांच्या त्या जुन्या सवयीची धास्ती, हे त्याचं एक कारण सांगतात. टांकसाळीला मात्र आपला हिशेब लागायचा, म्हणून मुंबईच्या रुपयांवर बारीक ठिपके द्यायला लागले. ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखायचं. आज संग्राहक भिंग लावून ते ठिपके मोजतात आणि दोन ठिपक्यांच्या फरकाने भाव वरखाली होतो. सराफाला कळू नये म्हणून जे लपवलं, तेच आज महाग.

आमच्या डब्यातले दोन रुपये १८६२ चे. ठिपके आहेत का? होते. चिंचेने जे काही उरलंय त्यात मला एक नीट दिसतो, दुसरा दिसल्यासारखा वाटतो.

आता दुसऱ्या टोकाला, अमेरिकेला जाऊ. तिथे १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने जुन्या तांब्याच्या सेंट्सवर पुस्तक लिहिलं. हा गृहस्थ मूळचा मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीराची ठेवण बघून स्वभाव ठरवणारा सिद्धांत त्याचाच. तो सिद्धांत कधीच मोडीत निघाला, पण नाण्यांसाठी त्याने केलेली १ ते ७० ची मोजपट्टी आजही जगभर चालते. ७० च का? तर त्या काळी अगदी झिजलेल्या सेंटच्या साधारण ७० पट भाव उत्तम सेंटला मिळे. म्हणजे तो दर्जाचा आकडा नव्हताच, भावाचा गुणक होता. मूळ किंमत गुणिले दर्जा, की आली नाण्याची किंमत. भाव काही वर्षांतच बदलले, सूत्र कोलमडलं. आकडे मात्र राहिले. जुन्या सिस्टिममधला एखादा कॉन्स्टंट कसा, का आहे कुणाला माहीत नसतं पण काढायची हिंमतही होत नाही, तसंच!

(आणि हो, शेल्डन १९७७ मध्ये वारल्यानंतर कळलं की त्याने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट्स उचलून त्या जागी हलकी नाणी ठेवली होती. फूटपट्टी बनवणाराच कापड चोरत होता.)

१९७० च्या दशकात ही मोजपट्टी सगळ्या अमेरिकन नाण्यांना लागू झाली. कोऱ्या नाण्यांसाठी ६० ते ७०. आधी त्यात ६०, ६५, ७० अशाच पायऱ्या होत्या, मग ६३ आणि ६७ आल्या, मग अधल्यामधल्या सगळ्या. ऐंशीच्या दशकात नजर कडक झाली आणि दशकाच्या सुरुवातीला ६५ म्हणून प्रमाणपत्र मिळालेली नाणी काही वर्षांतच ६३ ची ठरायला लागली. नाणं कपाटातून हललंसुद्धा नव्हतं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी काम सुरू केलं. नाणं तपासायचं, आकडा द्यायचा आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करायचं. आता वाद मिटला असं सगळ्यांना वाटलं.

मिटला नाही. उलट चाक दुसऱ्या दिशेला फिरायला लागलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आकडे वर सरकत गेले. काल ६४ असलेलं नाणं आज ६५, उद्या ६६. जुन्या काळच्या डब्यांना म्हणूनच आज जास्त भाव येतो, कारण त्यांतला ६४ हा 'जुना कडक ६४' असतो. २००७ मध्ये तर सीएसी नावाची एक कंपनीच निघाली, जी दर्जा दिलेल्या नाण्याचा दर्जा तपासून वर हिरवं स्टिकर लावते. परीक्षकाचा परीक्षक. आणि नाणं दिलेल्या दर्जाहून चांगलं असेल तर सोनेरी स्टिकर.

लोक म्हणतात परीक्षक ढिले पडले. काही अंशी असेलही. पण मला यातली गंमत अशी वाटली की कोणीही ढिलं न पडता हे आपोआप होऊ शकतं. गणित करून बघा. समजा एक नाणं बरोबर ६४ आणि ६५ च्या सीमेवर आहे. परीक्षक प्रामाणिक, पण माणूसच. तीनपैकी एकदा तो ६५ म्हणेल, दोनदा ६४. मालकाने पाठवलं, ६४ आलं. त्याने डबी फोडली, पुन्हा पाठवलं. पुन्हा ६४. पुन्हा फोडली. तीन प्रयत्नांत एकदा तरी ६५ येण्याची शक्यता २७ पैकी १९, म्हणजे साधारण ७० टक्के. आणि एकदा ६५ आलं की तो डबी कशाला फोडेल? खाली यायचा रस्ता बंद, वर जायचा उघडा. अशी हजारो नाणी फिरली की बाजारातला ६५ आपोआप पातळ होतो. वर फोडलेल्या डब्यांच्या चिठ्ठ्या परत केल्या नाहीत तर कंपनीच्या नोंदीत ते एकच नाणं तीन नाणी म्हणून दिसतं.

आता सराफाची पेढी आणि ही डबी शेजारी शेजारी ठेवून बघा. पेढीवर दर्जा ठरवणारा हाच नाणं घेणारा होता. म्हणून दर्जा दरवर्षी खाली गेला. अमेरिकेत तपासणीची फी मालक भरतो, म्हणून दर्जा वर गेला. नाणं मध्ये तसंच्या तसं. फी कोण देतंय ते सांगा, दर्जा कुठल्या दिशेला सरकेल ते मी सांगतो. (ऑफिसच्या अप्रेझलबद्दल मी इथे काहीही बोललेलो नाही.)

आकडाच काय, खरं-खोटंसुद्धा पलटतं. १९१३ सालची लिबर्टी निकल ही अमेरिकन नाणी जगात पाचच आहेत. त्यातलं एक जॉर्ज वॉल्टन यांच्याकडे होतं. १९६२ मध्ये ते मोटार अपघातात गेले. नाणं तज्ज्ञांकडे गेलं आणि साल खोडून बदललेलं, म्हणून बिनकिमतीचं ठरून घरच्यांकडे परत आलं. चाळीस वर्षं ते एका कपाटात पडून होतं. २००३ मध्ये बाल्टिमोरला सहा तज्ज्ञांनी ते उरलेल्या चारांशेजारी ठेवून तपासलं, आणि अस्सल! २०१३ मध्ये त्याला ३१ लाख ७२ हजार ५०० डॉलर मिळाले. वॉल्टनच्या बहिणीने ते खोटं म्हणून फेकून दिलं नाही, एवढाच काय तो फरक.

आणि घासण्याचं काय? माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आज घासलेलं नाणं म्हणजे संपलं. तांब्यावर चढलेला तो काळपट थर, ज्याला मी २००७ मध्ये घाण समजलो, तोच नाण्याचा जीव. पण हेही कायमचं नाही. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे संग्राहक नाणी साफ करत. सॅनफोर्ड सॉल्टस हे त्याच अमेरिकन सोसायटीचे मोठे देणगीदार. १९२२ मध्ये लंडनच्या हॉटेलात नाणी सायनाइडने साफ करत बसले होते. शेजारी पेयाचा ग्लास होता. चुकून दुसरा ग्लास उचलला आणि जागीच गेले. म्हणजे तेव्हा स्वच्छ नाण्याची किंमत जिवावर उदार होण्याइतकी होती. मी निदान चिंचेवर निभावलो.

शिवराईचा प्रश्न आणखी वेगळा. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढे छत्रपतींच्या वारसांनी आणि पेशव्यांनी ती पाडतच ठेवली आणि एकोणिसाव्या शतकातही बराच काळ ती बाजारात चालत होती. हातोड्याने पाडलेलं नाणं हे. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका शिवराईवर सगळी अक्षरं क्वचितच येतात. एकीवर 'राजा' आहे तर 'श्री' बाहेर गेलेला. ही झीज नव्हे, ती जन्मतःच तशी. यंत्रावर पाडलेल्या अमेरिकन सेंटसाठी केलेली पट्टी तिला कशी लावणार? एनजीसी प्राचीन नाण्यांना म्हणूनच ठशाचे आणि पृष्ठभागाचे पाचापैकी वेगळे गुण देते. शिवाय आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा आपली शिवराई पारखायची तर इथेच, आणि ती बघणाऱ्या डोळ्यांनीच.

यंदा दसऱ्याला आपट्याला गेलो. पानं वाटून झाली. मामा ओटीवर होता. म्हटलं, आता सांगून टाकू.

"मामा, ती नाणी मी घासली होती. दहा वर्षांचा असताना."

मामा काही बोलायच्या आत आतून आजीचा आवाज आला. "अरे, मीच दिली होती ना त्याच्या हातात. दरवर्षी मी राखेने घासायची, त्या वर्षी माझा खांदा दुखत होता."

दरवर्षी! माझ्या एका चकलीच्या पापाआधी पन्नास-साठ दिवाळ्यांची राख होती. आणि तिच्या आधी तिच्या सासूची. म्हणजे त्या व्यापाऱ्याने 'घासलीयत' म्हटलं ते खरंच होतं, पण जो थर मी घालवला असं समजून मी झुरत होतो, तो बहुतेक कधी बसलाच नव्हता. मामा आधी आजीकडे, मग माझ्याकडे बघून हसायला लागला.

छपरासाठी मी आणि मामेभावाने मिळून पैसे घातले. नाणी विकायची नाहीत असं ठरलं. मी स्वयंपाकघरातला छोटा काटा घेऊन सगळी तोलली, ११ कागदी पाकिटं केली आणि प्रत्येकावर लिहिलं. वजन, काय दिसतं, काय दिसत नाही, कोणाकडून आलं. दर्जाचा आकडा कुठेच घातला नाही, तो पुढच्या पिढीतही दोनदा बदलेल. कोणाकडून आलं ते बदलणार नाही. शेवटी आजीला विचारून प्रत्येक पाकिटावर एक ओळ घातली. 'दरवर्षी लक्ष्मीपूजनाला घासलेले.'

पाकिटं डब्यात ठेवताना आजीने एक राणीछाप रुपया काढून फरशीवर टाकला. कान देऊन ऐकला.

"खणखणीत आहे की," म्हणाली, आणि उचलून पुन्हा पाकिटात घातला.